अंगठा उठविण्यापूर्वी



आपल्या घरांत सहीचे प्रसंग काही कमी नसतात. सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे नवे-जुने, वाटणीपत्र, पीकविमा, कुणाला जामीन राहणे. बहुतेक वेळा कागद पुढे सरकतो, समोरचा माणूस बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे करा, इथे करा आणि मागच्या पानावर एक." आपण करतो. चष्मा घरी राहिलेला असतो, मागे रांग असते आणि एस.टी.ची वेळ झालेली असते. अशा सहीने सातबारावर बोजा चढला की तो उतरविण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आज एका वेगळ्या सहीबद्दल लिहितो. यात जमीन गहाण पडत नाही. यात माणूस आपले अंगच दुसऱ्याच्या हवाली करतो.

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव देत नाही. त्यांच्या सासऱ्यांना साखरेचा आजार आहे. पायाची जखम भरून येईना म्हणून त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. डॉक्टर भले आहेत, त्यांनी बसवून माहिती सांगितली आणि चौदा पानांचा कागद हाती दिला. "यात भाग घ्यायचा की नाही ते ठरवा," म्हणाले. सासरे म्हणतात, "साहेब सांगतात म्हणजे आपल्या भल्याचेच असणार. आण इकडे, अंगठा देतो." दीर म्हणतात, "आपल्याला प्रयोगाचे उंदीर करायला निघालेत. चला घरी." भगिनी विचारतात, "दोघांतले खरे कोणाचे? तुम्ही शेतीवर लिहिता हे ठाऊक आहे. पण प्रयोग तुम्हीही करता, म्हणून विचारते."

त्यांनी योग्य माणसाला विचारले असे मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नव्हे. कोणते औषध घ्यावे, कोणते घेऊ नये, यातले मला काही कळत नाही. पण प्रयोग म्हणजे काय, तो कसा मांडतात आणि त्यात कोणाच्या वाट्याला काय येते, हे मात्र माझ्या विषयातले आहे. आणि ज्याच्या शेतात एकदा तरी चाचणीचा प्लॉट घेतला गेला आहे, त्या शेतकऱ्यालाही ते माहीत आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

प्लॉट आणि पेशंट

समजा, गव्हाच्या नव्या वाणाची चाचणी तुमच्या रानात घ्यायची आहे. आम्ही काय करतो? सारख्या मापाचे वाफे पाडतो. काही वाफ्यांत नवा वाण पेरतो, काहींत तुमचा नेहमीचा. खताची चाचणी असेल तर एखादा वाफा बिनखताचाही ठेवतो. पुष्कळ शेतकरी म्हणतात, "साहेब, हा वाफा कशाला वाया घालवता?" पण तो नसेल तर पीक चांगले आले ते खतामुळे, की त्या वर्षीच्या पावसामुळे, की त्या कोपऱ्यात पूर्वी जनावरे बसत असत म्हणून, हे कसे ओळखणार? तुलनेला काही असल्याशिवाय नव्याची किंमत कळत नाही.

दुसरी गोष्ट. कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे आम्ही मनाने ठरवत नाही. मनाने ठरवले तर हात आपोआप चांगल्या जमिनीकडे वळतो आणि नवा वाण तिथे पडतो. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. तिसरी गोष्ट, वाणाच्या पुड्यांवर पुष्कळदा नावाऐवजी नुसता क्रमांक असतो, म्हणजे पाहणी करणाऱ्याच्या मनात आवड-नावड शिरत नाही. आणि चौथी गोष्ट, एकदा वेळापत्रक ठरले की मध्येच पीक पिवळे दिसले म्हणून मालकाने आपल्या मनाने युरियाची मूठ टाकायची नसते. टाकली की चाचणी बिघडली.

आता वाफ्याच्या जागी माणूस ठेवा. औषधाच्या मोठ्या चाचण्या बहुतेक अशाच असतात. एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला जुने. काही चाचण्यांत दुसऱ्या गटाला दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी ठरवते. आज ती चिठ्ठी संगणक काढतो एवढेच. पुष्कळदा कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. औषधाचे प्रमाण, तपासण्यांच्या तारखा, रक्त किती वेळा काढायचे, सगळे आधी लिहून ठरलेले असते.

हे साम्य योगायोगाचे नाही. चिठ्ठी टाकून वाफे वाटण्याची शास्त्रशुद्ध पद्धत इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी बसवली. ते १९१९ मध्ये तिथे रुजू झाले होते. शेतातली ती रीत पुढे डॉक्टरांनी उचलली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची ब्रिटनमधील चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १०७ रोगी होते. बंद पाकिटांतून गट ठरले. ५५ जणांना औषध व अंथरुणातली विश्रांती, तर ५२ जणांना नुसती विश्रांती, कारण त्या काळी तोच उपचार होता आणि औषध फार थोडे उपलब्ध होते. सहा महिन्यांत औषधाच्या गटातील ४ जण गेले, दुसऱ्या गटातील १४ गेले. औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला. पुढे जगभर असंख्य क्षयरोगी या औषधाने वाचले.

पण त्या चाचणीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नुसत्या विश्रांतीच्या गटातील रोग्यांना आपण एका चाचणीत आहोत हे शेवटपर्यंत सांगितलेले नव्हते. शेतातली रीत जशीच्या तशी उचलली गेली. वाफ्याला विचारावे लागत नाही, म्हणून माणसालाही विचारले नाही.

सही केली, पण समजले किती?

आज विचारावे लागते. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छावण्यांतील कैद्यांवर जे अघोरी प्रयोग केले, त्यांचा खटला न्यूरेंबर्ग येथे चालला. १९४७ च्या त्या निकालात दहा नियम घालून दिले गेले. त्यातला पहिलाच नियम असा की, माणसाने आपल्या राजीखुशीने संमती दिल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही. १९६४ साली जगातील डॉक्टरांच्या संघटनेने हेलसिंकी येथे तेच तत्त्व आपल्या जाहीरनाम्यात घातले. संमती नुसती नव्हे, समजून-उमजून दिलेली संमती.

पण कागदावर सही आली म्हणजे समजले, असे होते का? २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक आढावा प्रसिद्ध झाला. तीस वर्षांत वेगवेगळ्या देशांत झालेले १०३ अभ्यास त्यात एकत्र पाहिले होते. चाचणीत सामील झालेल्या लोकांना संमतीच्या कागदातले काय काय समजले होते, एवढाच प्रश्न होता. उत्तर असे आले. आपण केव्हाही बाहेर पडू शकतो, हे १०० पैकी सुमारे ७६ जणांना ठाऊक होते. भाग घेणे सक्तीचे नाही, हे सुमारे ७५ जणांना. पण औषधाचा एखादा तरी धोका सांगता आला तो फक्त ५५ जणांना. बिनऔषधाच्या गोळीचा अर्थ ५३ जणांना समजला होता आणि चिठ्ठीने गट ठरतात ही गोष्ट ५२ जणांना. म्हणजे चाचणीचा जो कणा, तोच जवळजवळ निम्म्या लोकांच्या हाती लागला नव्हता. हे सगळे सह्या केलेले लोक होते, हे ध्यानात घ्या. आणि ते सगळे अडाणी होते असेही नाही. अमेरिका-युरोपातले शिकलेले लोकही त्यात होते.

असे का होते? अमेरिकेतील पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याचे एक कारण दाखवून दिले. रोग्याच्या मनात डॉक्टर म्हणजे आपल्याला बरे करणारा माणूस. त्यामुळे चिठ्ठीचे शंभर वेळा सांगितले तरी त्याचे मन म्हणते, "ते इतरांचे. माझी प्रकृती पाहून साहेब मला योग्य तेच देतील." हा उपचाराचा गैरसमज आहे. उपचारात डॉक्टर तुमच्याकडे पाहून औषध बदलतो. चाचणीत तो लिहिलेल्या आराखड्याने चालतो, कारण त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. ते उत्तर पुढच्या हजारो रोग्यांच्या कामी येईल. तुमच्या कामी येईलच असे नाही. यात डॉक्टर वाईट नसतो. फक्त त्या दोन कामांची दिशा वेगळी असते.

आपल्या भगिनींचे सासरे नेमके याच ठिकाणी अडकले आहेत. "साहेब सांगतात म्हणजे भल्याचेच" हा विश्वास उपचारात शोभतो. चाचणीत तो अपुरा पडतो.

कार्व्हरांच्या गावची गोष्ट

आता दीरांच्या भीतीकडे वळू. ती भीती हवेतून आलेली नाही.

वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ साली आलेल्या पुस्तकामुळे अमेरिकेतील टस्कीगी हे नाव मराठी घरांत ओळखीचे झाले. दमलेल्या कापसाच्या रानांत भुईमूग घ्यायला शिकविणारे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर त्या संस्थेत होते. त्याच टस्कीगीच्या परिसरात, अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात, १९३२ साली तिथल्या सरकारच्या आरोग्य खात्याने एक अभ्यास सुरू केला. उपदंश, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात तो रोग, उपचार न केल्यास अंगात कसा वाढत जातो, हे पाहायचे होते. त्यासाठी सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. ३९९ जणांना हा रोग होता, २०१ जणांना नव्हता. त्यांतले बहुतेक कापसाची शेती वाट्याने करणारे गरीब शेतकरी होते.

त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही. "तुमचे रक्त बिघडले आहे," एवढेच सांगितले. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनेची तपासणी होती, तिला 'खास मोफत उपचार' म्हणून बोलावले. तपासणीच्या दिवशी जेवण, ने-आण करायला गाडी आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. अंत्यविधीच्या खर्चाची अट अशी की शवविच्छेदन करू द्यायचे. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन हा या रोगावरचा खात्रीचा उपाय ठरला. तरीही तो या लोकांना दिला नाही. उलट आसपासच्या डॉक्टरांना यांची नावे देऊन उपचार करू नयेत असे सांगितले गेले. हे ४० वर्षे चालले. १९७२ साली वृत्तपत्रांत बोभाटा झाला तेव्हा थांबले. त्यानंतर तिथे १९७४ साली संशोधनाविषयी कायदा आला आणि १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी उरलेल्या वृद्धांची देशाच्या वतीने माफी मागितली.

त्या शेतकऱ्यांची चूक कोणती? त्यांनी विश्वास ठेवला. त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि त्यांनी विचारले असते तरी खरे उत्तर मिळाले नसते. म्हणून फसवणुकीचा पहिला दोष नेहमी सांगणाऱ्याकडे जातो, हे विसरू नये. मी पुढे विचारायचे प्रश्न देणार आहे ते रोग्यावर जबाबदारी ढकलण्यासाठी नव्हेत.

आपल्याकडे काय घडले

आपल्या देशातलेही एक उदाहरण पाहू. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी एचपीव्ही लस २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना टोचण्यात आली. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांचा तो उपक्रम होता. त्याला नाव दिले होते 'प्रात्यक्षिक प्रकल्प'. आमच्या खात्यातलाच शब्द! प्रात्यक्षिक म्हटले की शेतकऱ्याला वाटते, सिद्ध झालेली गोष्ट दाखवायला आणली आहे. तसेच तिथल्या आईबापांना वाटले असल्यास नवल नाही.

काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवला. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने मृत्यूंचा लसीशी बहुधा संबंध नाही असा निष्कर्ष काढला. ही लस जगात पुष्कळ देशांत मुलींना दिली जाते, तेव्हा लसीला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. प्रश्न संमतीचा होता. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात आंध्रमधील ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब आहे. त्यांपैकी १,९४८ कागदांवर अंगठे होते आणि २,७६३ कागदांवर वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या होत्या. मुलगी आश्रमात शिकते म्हणून तिच्या अंगाबद्दलचा निर्णय वॉर्डनने घ्यायचा? आईबाप जिवंत असताना? औषध चांगले असले तरी विचारण्याची रीत चुकली की लोकांचा विश्वास उडतो, आणि मग चांगल्या लसीलाही लोक दार लावतात. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात.

पण नुसते फुंकतच बसलो तर ताकही मिळणार नाही. याचेही उदाहरण जवळचेच आहे. लहान मुलांना रोटाव्हायरसने जोराचे जुलाब होतात. त्यावरील 'रोटाव्हॅक' या भारतीय लसीची चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू या तीन ठिकाणी झाली. ६,७९९ तान्ह्या बाळांनी त्यात भाग घेतला. दर तीन बाळांपैकी दोघांना लसीचे थेंब आणि एकाला बिनलसीचे थेंब, तेही चिठ्ठीने. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या जोरदार जुलाबांत सुमारे ५६ टक्के घट दिसली आणि २०१६ पासून ही लस देशाच्या लसीकरणात आली. कोणाच्या तरी आईने आपले सहा आठवड्यांचे बाळ मांडीवर घेऊन 'हो' म्हटले, म्हणून ती लस तयार झाली. तेव्हा चाचणी म्हणजे फसवणूकच, हे दीरांचे म्हणणेही पुरते खरे नाही.

कायद्याने तुमचे काय काय?

मार्च २०१९ पासून आपल्या देशात नवी औषधे व चाचण्यांचे नियम लागू आहेत. त्यांतील घरच्या उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

माहिती तुम्हांला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. लिहिता-वाचता येत नसेल तर सगळे समजावून सांगताना एक तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा आणि त्याचीही सही हवी. माहितीपत्राची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हांला मिळालीच पाहिजे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. मध्येच औषधाबद्दल काही नवी माहिती कळली तर ती तुम्हांला सांगावी लागते.

चाचणीत भाग घेतल्यामुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात आणि भरपाईही द्यावी लागते. मृत्यू झाल्यास भरपाई वारसाला. म्हणून संमतीपत्रात वारसाचे नाव व नाते लिहून घेतात. तो रकाना कोरा सोडू नका. मृत्यूच्या भरपाईचा हिशेब ८ लाख रुपये पाया धरून वय आणि आजाराची जोखीम यांवरून करतात.

प्रत्येक चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य नागरिकही असावा लागतो. तिचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रावर असतो. शिवाय चाचणीची नोंद देशाच्या 'सीटीआरआय' या नोंदवहीत असावी लागते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कोणालाही मोफत पाहता येते. कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत क्रमांक शोधून देईल.

आणखी एक. सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची. नवऱ्याने किंवा सासऱ्याने "आम्ही करतो सही" म्हणून ती होत नाही. घरात सल्लामसलत जरूर करावी, पण शेवटचा शब्द जिच्या अंगाचा प्रश्न आहे तिचा. लहान मुलांसाठी आईबाप संमती देतात, पण मूल सात वर्षांच्या वरचे असेल तर त्यालाही समजेल असे सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो.

विचारायचे प्रश्न

खालील प्रश्न कापून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा. कधी कोणाच्या उपयोगी पडतील सांगता येत नाही.

१. हा उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहात?

२. मी भाग घेतला नाही तर माझ्यावर इथेच नेहमीचा उपचार होईल ना? तो कोणता?

३. मला कोणते औषध मिळणार हे कोण ठरवणार? चिठ्ठी असेल तर बिनऔषधाची गोळी माझ्या वाट्याला येऊ शकते का?

४. माझी आत्ता चालू असलेली औषधे बंद करणार का? साखर, रक्तदाब, फिट यांची औषधे घेणाऱ्यांनी हा प्रश्न विसरू नये.

५. या औषधाने आजवर कोणाला काय त्रास झाला आहे? मला त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा?

६. किती खेपा माराव्या लागतील, किती वेळा रक्त काढणार, येण्या-जाण्याचा खर्च कोण देणार? ऐन पेरणीत किंवा ऊसतोडीत खेप चुकली तर काय?

७. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? हे कागदात कोठे लिहिले आहे ते दाखवा.

८. औषध गुणकारी ठरले, तर चाचणी संपल्यावर ते मला मिळेल का?

प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. २००४ साली या विषयावर झालेल्या एका अमेरिकी आढाव्यात असे दिसले, की कागद सुधारून किंवा चित्रफीत दाखवून रोग्याची समज फारशी वाढत नाही. सर्वांत जास्त फायदा होतो तो समोरासमोर बसून जास्त वेळ बोलल्याने. म्हणजे तुमच्या प्रश्नांनी डॉक्टरचेच काम सोपे होते. कोणी घाई करू लागला, प्रत देण्याची टाळाटाळ करू लागला, किंवा "तुम्हांला काय कळणार" असे म्हणाला, तर मात्र सही करू नये.

समजले की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. कागद बाजूला ठेवून समोरच्या माणसाला आपल्या शब्दांत सांगून पाहायचे. "हे औषध अजून पुरते सिद्ध झालेले नाही. मला ते मिळेल किंवा मिळणार नाही. चिठ्ठी ठरवील. अमुक त्रास होऊ शकतो. नको वाटले तर मी थांबवू शकतो." एवढे न अडखळता सांगता आले तर समजले. मध्ये अडले तर तेवढेच पुन्हा विचारायचे. बियाण्याची उगवण पाहायला आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, मगच पेरतो. त्यातलाच हा प्रकार.

आता त्या भगिनींना थोडक्यात उत्तर. सासऱ्यांनी भाग घ्यावा की नाही हे मी सांगणार नाही, दीरांनीही सांगू नये. तो चौदा पानांचा कागद घरी मागून घ्या. गावातले शिक्षक किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्याकडून जड शब्द समजून घ्या आणि सासऱ्यांना दोन संध्याकाळी बसून वाचून दाखवा. वरचे प्रश्न घेऊन पुन्हा रुग्णालयात जा. जखमेचे ड्रेसिंग आणि साखरेची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. निर्णयाला दोन दिवस लागले तरी चालतील, उपचाराला खंड पडता कामा नये. मग त्यांनी 'हो' म्हटले तर ते स्वतःचे 'हो' असेल आणि 'नाही' म्हटले तरी स्वतःचे असेल. तेवढे झाले की अंगठा असो वा सही, सारखीच किमतीची.

कोणाला अशा चाचणीचा अनुभव आला असेल, बरा किंवा वाईट, तर जरूर लिहून कळवावे. नावे छापणार नाही.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीचा बंदोबस्त.